वाद एकशेचाळीसचा, घात शंभरचा

समृद्धी महामार्गावर गाडी चढली की थोड्याच वेळात डॅशबोर्डमधून 'टिंग' असा आवाज येतो. काटा ८०च्या पुढे गेला, एवढंच गाडीला सांगायचं असतं. जुलै २०१९पासून नव्या मोटारींत ही सूचना सक्तीची आहे. ८० ओलांडले की अधूनमधून, १२० ओलांडले की अखंड. बाहेर कडेच्या पाटीवर मोटारींसाठी १२० लिहिलेलं असतं. अभियंत्यांनी रस्ता आखताना हिशेब धरलेला असतो १५०चा. आणि पुढ्यात, मधल्या मार्गिकेत, सळया लादलेला ट्रक पन्नास-साठने चाललेला असतो. रस्ता एक आणि त्यावर वेगाची चार मतं.

ऑक्टोबर २०२१मध्ये यात पाचव्या मताची भर पडली. द्रुतगती मार्गांवर मोटारींना १४०ची मुभा असावी, असं आपलं व्यक्तिशः मत असल्याचं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी सांगितलं. तेव्हापासून नवा रस्ता खुला झाला किंवा मोठा अपघात घडला, की हा विषय पुन्हा वर येतो. गाड्या सुधारल्या, रस्ते सुधारले, मग मर्यादा जुनीच का, असं एक बाजू विचारते. चालवणारी माणसं सुधारली का, असं दुसरी बाजू विचारते. दोन्हींच्या पाठीशी पुरावा आहे. तो शेजारी शेजारी ठेवून पाहिला, तर वाद भलत्याच आकड्याभोवती चाललाय असं वाटू लागतं.

आकडे आले कुठून

मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ११२नुसार कमाल वेग केंद्र सरकार ठरवतं. लोकांच्या सुरक्षेसाठी तो कमी करण्याची मुभा राज्यांना आहे. सध्याच्या चर्चेचं मूळ ६ एप्रिल २०१८च्या केंद्राच्या अधिसूचनेत आहे. तिने मोटारींसाठी द्रुतगती मार्गावर १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी किंवा त्याहून रुंद रस्त्यावर १००, आणि शहरातल्या व इतर रस्त्यांवर ७० अशी कमाल मर्यादा घातली. बससाठी हेच आकडे १००, ९० आणि ६० झाले. मालवाहू वाहनांना द्रुतगती आणि चौपदरी दोन्हींवर ८०, बाकी ठिकाणी ६०.

ऑगस्ट २०२१मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ही अधिसूचना रद्द ठरवली. खटला होता अपघातात जवळपास पूर्ण अपंगत्व आलेल्या एका दंतवैद्य महिलेच्या भरपाईचा. ती वाढवून देताना न्यायालय मूळ प्रश्नाकडे वळलं. इंजिनं चांगली झाली आणि रस्ते रुंद झाले म्हणून वाहनचालक नियम पाळू लागले असं होत नाही, आणि अतिवेग हेच मृत्यूचं मोठं कारण असताना मर्यादा वाढवण्याला आधार काय, असा त्या निकालाचा रोख होता. दोनच महिन्यांत मंत्र्यांचं १४०चं विधान आलं. न्यायालय आकडा खाली ओढत होतं, सरकार वर ढकलत होतं. रस्त्यांवरचे आकडे मात्र तेच राहिले, पुढे समृद्धीवरची पाटीही १२०चीच लागली.

महाराष्ट्रातला पहिला अनुभव त्याआधीचा आहे. २००२मध्ये पूर्ण खुला झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग हा देशातला पहिला सहापदरी, प्रवेशनियंत्रित रस्ता. त्यावर बरीच वर्षं मोटारींना ८०चीच मर्यादा होती. ती पाळणारा माणूस उजव्या मार्गिकेत दिसला तर मागचे डिपर मारून त्याला हैराण करत. पुढे सपाट भागात १०० झाले, घाटात आकडा बराच खाली राहिला. रस्त्यावरचा खरा वेग मात्र पाटी बदलण्याच्या कितीतरी आधी बदलला होता.

वाढवा म्हणणाऱ्यांची बाजू

या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा इथूनच निघतो. जी मर्यादा बहुसंख्य लोक मोडतात, ती मर्यादा राहत नाही, ती वसुलीची सोय होते. मोकळ्या सरळ रस्त्यावर अचानक ४०ची पाटी लागते, तिच्यामागे अर्ध्या किलोमीटरवर झाडाच्या सावलीत इंटरसेप्टर गाडी उभी असते, आणि संध्याकाळी मोबाइलवर चलान येतं. असं दोनदा झालं की माणूस सगळ्याच पाट्यांना सारखंच मानू लागतो. पुढे खरोखर धोक्याच्या वळणावर ४० लिहिलेलं असतं, तेही मग त्याला खोटं वाटतं.

अमेरिकेतल्या वाहतूक अभियंत्यांनी यावर एक पद्धत बसवली. मोकळ्या वाहतुकीत शंभरातले पंच्याऐंशी चालक ज्या वेगाच्या आत राहतात, त्याच्या जवळपास मर्यादा ठेवायची. बहुतेक माणसं आपला जीव सांभाळूनच चालवतात, कायद्याने उरलेल्या पंधरांना आवरावं, असा त्यामागचा विचार.

दुसरा मुद्दा तफावतीचा. डेव्हिड सॉलोमन यांनी १९६४मध्ये अमेरिकेतल्या ग्रामीण महामार्गांचा अभ्यास मांडला. सरासरीपेक्षा फार वेगाने जाणारे आणि फार हळू जाणारे, दोघेही अपघातात जास्त सापडतात, असं त्यातून दिसलं. १९८५मध्ये अर्थतज्ज्ञ चार्ल्स लेव्ह यांनी हाच धागा पुढे नेला. त्यांच्या मते जीव घेते ती वेगांमधली तफावत. सगळे ११०ने चालले तर ठीक. एक ६०ने आणि एक १२०ने चालला, की तिथे घात. नंतरच्या ऑस्ट्रेलियातल्या संशोधनाने सॉलोमनच्या आलेखाची एक बाजू खोडली. हळू चालणाऱ्यांचा धोका त्यात तसा दिसला नाही, जलद चालणाऱ्यांचा मात्र झपाट्याने वाढताना दिसला. तरी आपल्या रस्त्यांवर तफावतीचा मुद्दा कुणी हसण्यावारी नेणार नाही. मागून धडकून होणाऱ्या अपघातांचा वाटा आपल्याकडे मोठा आहे, आणि त्यांत उभा किंवा रांगणारा ट्रक वारंवार भेटतो.

तिसरा मुद्दा वेळेचा. समृद्धीची लांबी ७०१ किलोमीटर. एकदाही न थांबता १२०ने गेलं तर ५ तास ५० मिनिटं, १४०ने ५ तास. पन्नास मिनिटं वाचतात. मुंबई-पुणे मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. तो सगळा सपाट असता तरी १००ऐवजी १२०ने जाऊन साडेनऊ मिनिटं वाचली असती. घाट आणि टोलनाका धरला तर त्याहून कमी. लांबच्या रस्त्यावर या मुद्द्यात दम आहे. जवळच्या रस्त्यावर वाचलेला वेळ वाकड-हिंजवडीच्या पहिल्या सिग्नललाच खर्च होतो.

नको म्हणणाऱ्यांची बाजू

या बाजूचा पहिला साक्षीदार शाळेतलं भौतिकशास्त्र आहे. वेग १००चा १२० झाला की तो वाढतो २० टक्क्यांनी, पण धडकेची ऊर्जा वाढते ४४ टक्क्यांनी. आता थांबण्याचा हिशेब करू. पुढे काही दिसलं, पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद लागला, रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगले, असं धरलं तर १००च्या वेगातली गाडी साधारण ९७ मीटरवर थांबते. १२०च्या गाडीला १२९ मीटर लागतात, १४०च्या गाडीला १६६. आकडे नुसते ऐकून भीती वाटत नाही, म्हणून हेच जरा वेगळं मांडतो. दोन गाड्या शेजारी शेजारी आहेत, एक १००ने, एक १२०ने. शंभर मीटरवर आडवा पडलेला ट्रक दोघांना एकाच क्षणी दिसला. पहिली त्याच्या तीन मीटर अलीकडे थांबते. दुसरी पंचाहत्तरच्या आसपास वेगाने त्यावर आदळते. फरक २०चा होता, धडक पंचाहत्तरची झाली.

स्वीडनमधले संशोधक गोरान निल्सन यांनी यावर एक सूत्र दिलं. सरासरी वेग १ टक्का वाढला, तर जीवघेणे अपघात साधारण ४ टक्क्यांनी वाढतात. पुढच्या अभ्यासांनी रस्त्यागणिक आकडा थोडा इकडेतिकडे केला, दिशा कुणी बदलली नाही.

शिवाय गाडीचं आपलं असं गणित आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून १२०नंतर इंधनाचा काटा डोळ्यांदेखत खाली येतो. टायरच्या बाजूवर छापलेल्या अक्षरात त्याची वेगाची कमाल दडलेली असते. 'एल' म्हणजे १२०, 'एन' म्हणजे १४०. ते अक्षर पाहून टायर घेणारे किती, आणि मे महिन्यात विदर्भाच्या उन्हात, काँक्रीटच्या रस्त्यावर, कमी हवेचे किंवा रिमोल्ड केलेले टायर घेऊन तासन् तास एकाच वेगाने पळणारे किती?

अमेरिकेने वर-खाली करून पाहिलं

हा प्रयोग जगात सगळ्यात मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत झाला. १९७३च्या तेलटंचाईनंतर पेट्रोल वाचवायला १९७४च्या सुरुवातीला देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे साधारण ८९ किलोमीटरची मर्यादा आली. त्या वर्षी रस्त्यावरचे मृत्यू सुमारे १६ टक्क्यांनी घटले. लोकांनी गाड्याही कमी चालवल्या होत्या, म्हणून सगळं श्रेय मर्यादेला देता येत नाही. १९८७मध्ये ग्रामीण आंतरराज्य मार्गांवर ६५ मैलांची परवानगी मिळाली, १९९५मध्ये राष्ट्रीय मर्यादाच रद्द झाली. २०१२मध्ये टेक्सासने एका टोल रस्त्यावर ८५ मैलांची, म्हणजे जवळपास १३७ किलोमीटरची पाटी लावली.

याचा परिणाम काय झाला, यावर तिथले अभ्यासक भांडले. लेव्ह आणि इलायस यांनी १९९४मध्ये दाखवलं की ६५ मैल करणाऱ्या राज्यांत एकूण मृत्यूदर उलट ३.४ ते ५.१ टक्क्यांनी घटला. वाहतूक अरुंद, धोक्याचे रस्ते सोडून चांगल्या रस्त्यावर आली, आणि पोलिसही मोकळे होऊन खऱ्या धोक्याच्या जागी गेले, असं त्यांचं स्पष्टीकरण. विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या आयआयएचएस या संशोधन संस्थेने २०१९मध्ये दीर्घ पल्ल्याचा हिशेब मांडला तो वेगळा निघाला. १९९३ ते २०१७ या २५ वर्षांत वाढीव मर्यादांमुळे सुमारे ३७ हजार जीव जास्त गेले, आणि आंतरराज्य मार्गांवर दर ५ मैलांच्या वाढीमागे मृत्यूदर सुमारे ८ टक्के वाढला.

मला दोन्ही अभ्यासांतून एकच गोष्ट घ्यावीशी वाटते. वेग वाढला की त्या रस्त्यावरचा धोका वाढतोच. पण चांगल्या रस्त्याने वाहतूक वाईट रस्त्यावरून आपल्याकडे ओढली, तर एकूण हिशेब सुधारू शकतो. म्हणजे रस्ता कोणता, हे आकड्याच्या आधी विचारायला हवं.

जर्मनीचा ऑटोबान आपल्याकडच्या गप्पांत हमखास येतो. तिथे बऱ्याच मोठ्या भागावर मोटारींना सक्तीची मर्यादा नाही, हे खरं. १३०ची शिफारस मात्र आहे, आणि ती ओलांडून अपघात झाला तर भरपाईत चालकाच्या गळ्यात वाटा पडू शकतो. ६०हून जास्त वेग न गाठणारं वाहन त्या रस्त्यावर येऊच शकत नाही. ट्रकना ८०ची मर्यादा आणि रविवारी बहुतांश बंदी. उजवीकडून गाडी चालवणारा तो देश, तिथे उजव्या बाजूने ओव्हरटेक करणं हा गुन्हा. परवाना मिळवायला महिने आणि हजारो युरो जातात. आपण तिथला वेग मागतो, पण वेगाआधीची ही सगळी यादी सोयीने विसरतो.

नेदरलँड्सने २०१२मध्ये १३० केले आणि मार्च २०२०मध्ये दिवसाची मर्यादा १००वर आणली. कारण अपघात नव्हते, नायट्रोजनचं प्रदूषण होतं. आकडा एकदा वाढवला की कायमचा, असं कुठे लिहिलेलं नाही.

महामार्ग म्हणजे कोणता रस्ता

आता घरच्या मैदानावर येऊ. देशात २०२२मध्ये रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. केंद्राच्या अहवालात त्यांतले ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात आहेत. या रकान्याकडे थोडं सावधपणे पाहावं लागतं. पंचनामा करणाऱ्या हवालदाराकडे वेग मोजायचं साधन नसतं. 'भरधाव वेगाने, हयगयीने' हे शब्द फिर्यादीत ठरलेले असतात. खड्डा, चुकीचं वळण, न लागलेला दिवा, झोप, दारू यांतलं बरंच काही त्याच रकान्यात जाऊन बसतं.

त्याच अहवालातल्या दुसऱ्या दोन आकड्यांवर मात्र असा संशय घ्यायला जागा नाही. मेलेल्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते आणि १९ टक्क्यांहून जास्त पायी चालणारे. आणि देशातल्या रस्त्यांच्या लांबीत जेमतेम दोन टक्के असलेल्या राष्ट्रीय महामार्गांवर, द्रुतगती मार्ग धरून, ३६ टक्के मृत्यू झाले.

इथे माझ्या मते सगळ्या वादाची गाठ आहे. समृद्धीवर किंवा मुंबई-पुणे द्रुतगतीवर दुचाकी येत नाही, पादचारी येणं अपेक्षित नाही. १२० की १४० हा वाद त्या रस्त्यांचा आहे. पण २०१८च्या अधिसूचनेने १००चा आकडा दिला तो दुभाजक असलेल्या प्रत्येक चौपदरी रस्त्याला. त्या रस्त्यावर काय काय चालतं ते पाहा. पुण्याहून सातारा-कोल्हापूरकडे नोव्हेंबर ते मार्चमध्ये रात्री जाऊन पाहावं. दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, वीस-पंचवीसने चाललेला असतो. कधी मार्गिकेत सांडलेल्या मोळ्या, कधी बैलगाड्यांची रांग. ढाब्यापाशी कडेला लावलेले ट्रक. लोकांनी दुभाजक फोडून केलेली वाट. उलट्या दिशेने शांतपणे येणारी मोटारसायकल, कारण पुढचं वळण दोन किलोमीटरवर आहे. या रस्त्याला कागदावर १००ची कमाल मर्यादा आहे आणि तिच्यावर कधी कुणी अग्रलेख लिहीत नाही.

रस्त्याची आखणी किती जीव घेऊ शकते, हे ४ सप्टेंबर २०२२ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ दिसलं. उद्योगपती सायरस मिस्त्री ज्या गाडीत होते, ती सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर आदळली. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या अहवालानुसार धडकेच्या पाच सेकंद आधी गाडीचा वेग १०० होता. तिथे तीन मार्गिकांचा रस्ता पुलापाशी दोन मार्गिकांचा होतो. मागच्या सीटवरच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते आणि दोघेही गेले. चौपदरी रस्त्यासाठी कायद्याने दिलेला कमाल वेग होता तोच १००. त्या जागी तो जीवघेणा होता.

समृद्धीनेही आपला धडा दिला. १ जुलै २०२३च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी होरपळून गेले. टायर फुटल्याचं आधी सांगितलं गेलं. पाहणीत तसा पुरावा मिळाला नाही आणि संशय चालकाच्या डुलकीवर गेला. सरळसोट, एकसुरी रस्त्यावर डोळे उघडे असूनही मन झोपतं. याला अभ्यासक रस्त्याचं संमोहन म्हणतात. त्यावर उपाय विसाव्याच्या जागा, रात्रपाळीच्या चालकाचे तास आणि दुसरा चालक हे आहेत. पाटीवर १२० असो वा १४०, झोपलेल्या माणसाला दोन्ही सारखेच.

मुंबई-पुण्याने काय शिकवलं

उलट बाजूला एक दिलासा देणारी गोष्ट आहे. मुंबई-पुणे द्रुतगतीवर २०१६मध्ये १५१ माणसं मेली होती. त्याच वर्षापासून सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलिस आणि इतरांनी मिळून 'झिरो फॅटॅलिटी कॉरिडॉर' म्हणून काम सुरू केलं. कुठे, कशामुळे, किती वाजता माणूस मेला हे एकेक अपघात घेऊन तपासलं. उघडे कठडे झाकले, पुलाच्या खांबांपुढे संरक्षण उभं केलं, कडेला उभ्या वाहनांवर कारवाई केली, रुग्णवाहिका लवकर पोहोचेल असं पाहिलं. काही वर्षांत मृत्यू निम्म्याहून खाली आले. त्या यादीत वेगावर लक्ष ठेवणं होतंच, पण ते एक कलम होतं.

२०२४मध्ये याच रस्त्यावर कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा आली. ती एका ठिकाणचा वेग मोजतेच, शिवाय दोन ठिकाणांमधला सरासरी वेगही काढते. कॅमेरा दिसला की ब्रेक आणि सुटला की पाय दाबायचा, ही खोड त्याने मोडते. त्याआधी टोलनाक्यांवरच्या वेळा जुळवून दंड करायची कल्पना निघाली, तेव्हा लोकांनी फूड मॉलला वडापाव खात वेळ भरून काढायचं गणित मांडलं होतं. पण घाटाची आठवण ठेवायला हवी. ट्रकचालकांची तक्रार अशी, की बोरघाटात चढताना ४०च्या आत राहणं ठीक, उतरताना भरलेली गाडी तेवढ्यावर धरायची तर ब्रेक तापतात. त्यात डिझेल वाचवायला न्यूट्रल करून घाट उतरण्याची जुनी सवय. ब्रेक निकामी होऊन सात-आठ मोटारी चिरडल्या जातात, तेव्हा बातमीत 'भरधाव' येतं, 'न्यूट्रल' येत नाही.

मग वाढवावी का

सरसकट नाही. पूर्ण प्रवेशनियंत्रित रस्त्याच्या एखाद्या टप्प्यावर १४०चा विचार करता येईल, पण त्याआधी चार गोष्टी जागेवर हव्यात. ट्रक डाव्या मार्गिकेत राहतात हे कॅमेऱ्यात दिसायला हवं, सरासरी वेगावर दंड व्हायला हवा, टायरची तपासणी नाक्यावर व्हायला हवी, आणि पावसात व धुक्यात पाटीवरचा आकडा आपोआप खाली यायला हवा. हे सगळं झालं तरी १२०ची गाडी आणि ६०चा ट्रक यांतली तफावत आज ६०ची आहे, ती ८०ची करून कुणाचं भलं होणार, हे वाढ मागणाऱ्यांनी सांगावं. लेव्ह यांचा दाखला द्यायचा तर तो पूर्ण द्यावा. तफावत कमी करायची असेल तर पहिला उपाय हळू वाहनाला शिस्त लावणं हा आहे.

माझा आग्रह दुसऱ्या टोकाचा आहे. चौपदरी राष्ट्रीय महामार्गावरचा १०० हा आकडा आधी हाती घ्यावा. जिथे गाव रस्त्याला खेटून आहे, शाळा आहे, दुभाजकाला खिंड आहे, तिथे राज्याने कलम ११२चा अधिकार वापरून तो ६० किंवा ५० करावा, आणि गाव संपलं की प्रामाणिकपणे पुन्हा वर न्यावा. मोकळ्या रस्त्यावर विसरून गेलेल्या ४०च्या पाट्या त्याच दिवशी काढाव्यात. मर्यादा जिथे खरी असेल तिथेच ती असावी. मग चालकही तिला खरी मानेल.

महामार्गालगतच्या कुठल्याही गावात हे पाहता येतं. गाव एका बाजूला, एसटीचा थांबा दुसऱ्या बाजूला. भुयारी मार्ग आहे, पण त्यात पावसाळ्यात गुडघाभर पाणी आणि एरवी अंधार. म्हणून डोक्यावर गाठोडं घेतलेली बाई रस्त्याच्या कडेला उभी राहते आणि लांबच्या गाडीचा अंदाज घेते. दोन मार्गिका, सात मीटर. तिच्या चालीने सात सेकंद. तेवढ्यात ६०ची गाडी ११७ मीटर येते, १००ची गाडी १९४ मीटर. लांब आहे म्हणून ती पाऊल टाकते. १४०चा वाद तिच्या कानावर कधी आलेलाच नाही. तिचा सगळा हिशेब त्या शंभराशी आहे.